पोरांचा सोशल मीडिया बंद करायचा का, हे ठरवणाऱ्या 'अभ्यासां'मध्ये आपलं नाशिक कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडिया अकाउंट बंद करायला कंपन्यांना भाग पाडलं आणि तेव्हापासून आपल्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर सारखा एकच विषय निघतो, हे भारतात कधी होणार. सिडको असो नाहीतर गंगापूर रोड, तक्रार तीच आहे, पोरगं जेवताना रील्स बघतं, रात्री उशीखाली फोन असतो, अभ्यासाला बस म्हटलं की चिडचिड, सरकारने आता काहीतरी केलंच पाहिजे. मग कोणीतरी लिंक टाकतं की सोशल मीडियामुळे मुलांमध्ये डिप्रेशन वाढतं हे अभ्यासात सिद्ध झालंय. थोड्या वेळाने दुसरं कोणीतरी दुसरी लिंक टाकतं की असं काहीच सिद्ध झालेलं नाही. दोन्ही लिंक खऱ्या असतात, दोन्हीत मोठ्या युनिव्हर्सिटीची नावं असतात, आणि शेवटी सगळे म्हणतात जाऊ द्या, या प्रोफेसर लोकांचंच काही ठरत नाही.

मला हे 'जाऊ द्या' फार खटकतं. हे लोक काय मोजतात, कोणत्या गावात मोजतात, कोणाला प्रश्न विचारतात, यावर उद्या आपल्या घरातल्या फोनचे नियम ठरणार आहेत. म्हणून नीट समजून घेऊ, थोडं लांबलं तरी चालेल.

मीडिया पॉलिसी म्हणजे नेमकं काय

मीडिया पॉलिसी म्हणजे माध्यमांबद्दलचे नियम, बस. रेडिओ स्टेशन कोणाला काढता येईल, त्यावर तासाला किती मिनिटं जाहिराती लावायच्या, व्हॉट्सॲपवर एक मेसेज एका वेळी किती ठिकाणी पुढे पाठवता येईल, मुलाचं अकाउंट उघडायला आईवडिलांची परवानगी लागेल का, हे सगळं त्यात आलं. यातले काही नियम संसद करते, काही दिल्लीतली मंत्रालयं, काही ट्राय (म्हणजे टेलिफोन आणि प्रसारणावर लक्ष ठेवणारी संस्था), काही कोर्टाच्या निकालातून येतात आणि हल्ली बरेचसे तर कंपन्याच परस्पर ठरवतात.

आपल्या नाशिकचं रेडिओ विश्वास ९०.८ घ्या. हे कम्युनिटी रेडिओ आहे, म्हणजे छोट्या ताकदीचं, आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं, नफ्यासाठी नसलेलं स्टेशन. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा त्यांनी झेडपी आणि महापालिका शाळांच्या मुलांसाठी रेडिओवरून धडे लावले, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. हे स्टेशन मुळात असू शकतं ते का? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्या खंडपीठात आपले पी. बी. सावंत होते. त्यानंतर संस्था, कार्यकर्ते आणि हैदराबाद विद्यापीठातल्या विनोद पवराला, कांचन मलिक यांच्यासारखे अभ्यासक हा विषय लावून धरत राहिले. २००२ च्या शेवटी शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना परवानगी मिळाली. कोर्टाचं वाक्य ते सामाजिक संस्थांना परवानगी, मधे अकरा वर्षं गेली. स्वतःच्या बातम्या मात्र या स्टेशनांना अजूनही देता येत नाहीत, आकाशवाणीच्या लावता येतात. हा नियम बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, पण तो वेगळा लेख होईल.

दोन अभ्यास उलट कसे काय सांगू शकतात

निफाड-दिंडोरीकडचा कोणी द्राक्षबागायतदार ओळखीचा असेल तर त्याला हे लगेच कळेल. नवीन टॉनिक आलं, अख्ख्या प्लॉटवर मारलं, माल चांगला आला. आता माल टॉनिकमुळे आला की त्या वर्षी अवकाळी पडला नाही म्हणून? सांगता येत नाही. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय तो दोन ओळी फवारणीशिवाय सोडतो, बाकी पाणी, खत, छाटणी सगळं सारखं ठेवतो आणि मग तुलना करतो. संशोधनात या सोडलेल्या ओळींना कंट्रोल ग्रुप म्हणतात.

सोशल मीडियाची अडचण ही आहे की सोडलेली ओळच उरलेली नाही. सगळ्या वर्गाकडे इन्स्टा आहे, ज्याच्याकडे नाही तो मित्राच्या फोनवर बघतो. मग संशोधक मुलांना प्रश्नावल्या देतात, किती तास बघतोस, मूड कसा असतो. त्यातून जास्त फोन आणि जास्त उदासी एकत्र दिसली तरी फोनमुळे उदासी आली की उदास पोरगं फोनकडे वळलं हे त्यातून निघत नाही, किंवा घरातली भांडणंच दोन्हीचं कारण असतील तेही निघत नाही.

२०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्थितीत जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो असं त्यांना दिसलं, म्हणजे जवळपास काहीच नाही. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे जोनाथन हाइट म्हणतात की स्मार्टफोन आले तेव्हापासूनच किशोरवयीन मुलामुलींची, खास करून मुलींची अवस्था बिघडायला लागलीय, हा योगायोग नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने (विज्ञानाच्या प्रश्नांवर सरकारला सल्ला देणारी संस्था) एक मोठा अहवाल काढला आणि त्यात सांगितलं की सगळ्या मुलांचं मिळून आरोग्य सोशल मीडियामुळे बिघडतं असं म्हणायला आजचा पुरावा पुरत नाही, पण काही मुलांना त्रास होऊ शकतो, आणि कंपन्यांनी संशोधकांना माहिती द्यायला हवी.

ग्रुपवरच्या दोन लिंक अशा येतात. एक अभ्यास सगळ्या मुलांची सरासरी काढतो, दुसरा विशिष्ट वयाच्या मुलींकडे बघतो, आणि सरासरीत ज्या मुलीला खरंच त्रास होतोय ती दिसतच नाही. लिंक आली की आधी बघायचं, कोणाला विचारलंय आणि कशाशी तुलना केलीय.

अशी तुलना नाशिक जिल्ह्यातच झालीय, १९५६ साली

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला ती अगदी मनापासून सांगावीशी वाटते.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने एक प्रयोग केला, रेडिओ फार्म फोरम. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, मुंबई राज्य होतं, त्यातले पाच मराठी जिल्हे निवडले, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. दीडशे गावं. पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. गावातले डझन-दीड डझन लोक रेडिओभोवती बसायचे, त्यातला एक चेअरमन, एक सेक्रेटरी, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, शेती, आरोग्य, साक्षरता, गावचा कारभार असे विषय असायचे. कार्यक्रम संपला की घरी जायचं नाही, खरं काम तिथून सुरू व्हायचं. ऐकलं त्यावर बोलायचं, आपल्या गावात हे जमेल का, पैसे कुठून येतील, कोण पुढाकार घेईल, कोणाचा विरोध आहे. सेक्रेटरी सगळं लिहून काढायचा, प्रश्न केंद्राला कळवायचा आणि त्यांची उत्तरं पुढे रेडिओवरून मिळायची. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, हे घोषवाक्यच होतं. दहा आठवडे हे चाललं.

याचं मोजमाप केलं मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने. त्यांच्या बरोबर होते पॉल न्यूरॅथ नावाचे समाजशास्त्रज्ञ, मूळचे ऑस्ट्रियाचे, नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छावण्यांमधून सुटलेले, नंतर न्यूयॉर्कला प्रोफेसर झालेले. असा माणूस आपल्याकडच्या गावांत शेतकऱ्यांना बालवाडीबद्दल काय वाटतं याचा अभ्यास करत होता, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यांनी तीन प्रकारची गावं घेतली. फोरम असलेली, रेडिओ असलेली पण फोरम नसलेली, आणि रेडिओच नसलेली. आधी आणि नंतर लोकांच्या मुलाखती घेतल्या. फोरमच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढलेली दिसली. फोरम नसलेल्या गावांत वाढ नगण्य होती, जी थोडीफार झाली ती मुख्यतः रेडिओ असलेल्या गावांत, पण फोरमच्या गावांपुढे ती काहीच नव्हती. आणि नुसती माहिती वाढली नाही, गावांनी विहिरी खोदल्या, जातिवंत वळू आणले, लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या काढल्या.

नुसता रेडिओ दिला की गाव सुधारतं हा समज इथे मोडला. ऐकल्यावर बसून बोलायची जागा लागते, हा निष्कर्ष होता. १९५९ मध्ये सरकारने ही योजना देशभर नेली. दहा आठवड्यांच्या एका प्रयोगावरून देशाचं धोरण ठरलं आणि त्या प्रयोगात आपल्या जिल्ह्यातली गावं होती.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. काही वर्षांत फोरमचा आकडा हजारोंत गेला, पण गावोगाव फिरून ते चालते ठेवणारी माणसं त्या प्रमाणात नेमली नाहीत, सेट बिघडले तर दुरुस्तीची वानवा. निष्कर्ष सांगत होता की चर्चा महत्त्वाची, आणि योजना राबवताना आकडा महत्त्वाचा झाला. संशोधनाचं असंच होतं, त्यातला सोयीचा भाग उचलला जातो आणि कष्टाचा भाग कागदावर राहतो, म्हणून धोरण जाहीर झाल्यावरही कोणीतरी मागे लागून विचारत राहायला लागतं.

'पण या अभ्यासांना पैसे तर कंपन्याच देतात ना?'

प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या शेजारच्या एका घटनेतून मिळतं, आणि ती आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. पोरं पळवणारी टोळी आलीय अशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच दिवशी रात्री आपल्या मालेगावात पोलिसांनी जमावाच्या तावडीतून पाच जणांना वाचवलं, त्यात एक लहान मूलही होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या २० संशोधक गटांना अफवांचा अभ्यास करायला पैसे दिले.

त्यातला एक गट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, शकुंतला बनाजी आणि राम भट यांचा. त्यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत जाऊन लोकांशी बोलून काम केलं. तेव्हा सगळीकडे एकच सूर होता की खेड्यातल्या अडाणी लोकांना फोन कळत नाही म्हणून ते अफवा पसरवतात, त्यांना डिजिटल साक्षर करा. या गटाला वेगळंच दिसलं. फोन सराईतपणे वापरणारे लोकही खोट्या गोष्टी पुढे ढकलतात, आणि कोणत्या समाजाबद्दल मनात आधीच पूर्वग्रह आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. अज्ञान हे एकटं कारण नाही. पैसे व्हॉट्सॲपचे होते आणि निष्कर्ष मात्र कंपनीला किंवा सरकारला सुखावणारा नव्हता. ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी पाचच्या मर्यादेवर काम केलं तर दिसलं की मेसेजचा वेग कमी होतो पण जो फार व्हायरल व्हायचाय तो होतोच.

म्हणजे पैसे कोणाचे हे विचारायचंच, पण तेवढ्यावर अभ्यास फेकून द्यायचा नाही. माहिती कोणाच्या ताब्यात आहे हा मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांची अकाउंटच बंद केली, हे लोक राजकीय जाहिरातींचा अभ्यास करत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल बंद केलं, कोणती पोस्ट किती पसरतेय हे पत्रकार आणि अभ्यासक ज्यातून बघायचे ते टूल. युरोपने त्यांच्या कायद्यात पात्र संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडून माहिती मागायचा हक्कच दिलाय. आपल्याकडे असा हक्क नाही आणि यावर कोणी बोलतही नाही. मुलांवर बंदी घालायची चर्चा घरोघरी होते, पण कंपनीकडे आपल्या मुलांबद्दल जे आकडे पडून आहेत ते तपासायला द्या, ही मागणी कुठेच ऐकू येत नाही.

'अभ्यास पूर्ण होईपर्यंत आमची पोरं मोठी होतील'

खरंय. दहावीतल्या मुलीच्या आईला पाच वर्षं थांबा असं कोण सांगणार. पुरावा अर्धा असतानाही निर्णय घ्यावे लागतात आणि त्यात काही गैर नाही. फक्त पुरावा अर्धा आहे हे मोकळेपणाने सांगायचं, आणि निर्णयाचा परिणाम मोजायची सोय त्यातच करायची.

ऑस्ट्रेलियात काय झालं बघा. १४० हून जास्त अभ्यासकांनी आणि तज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारला पत्र लिहिलं की सरसकट बंदी हा फार ढोबळ उपाय आहे. पुढच्या महिन्यात विधेयक आलं तेव्हा सिनेटच्या समितीने लोकांना मत द्यायला एक दिवस दिला, त्या एका दिवसात जवळपास १५ हजार निवेदनं आली, आणि महिना संपायच्या आत कायदा पास. एवढी घाई चुकीची होती असं मला वाटतं. पण आता बंदी लागू झाल्यावर मुलांची झोप, अभ्यास, मैत्री यावर काय परिणाम होतो हे तज्ज्ञांकडून मोजून घेतायत, ते आपण जरूर उचलावं.

१६ की १८, हा आकडा येतो कुठून

भारतात याबाबत नियम नाहीच असं बऱ्याच लोकांना वाटतं. तसं नाहीये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल असं कलम आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, हे कलम टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे.

मग १८ का? डेटा संरक्षणाचा कायदा कसा असावा हे सुचवायला सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात याचं उत्तर आहे. समितीने म्हटलं की मुलाच्या स्वतंत्र वाढीच्या दृष्टीने १८ जास्त वाटू शकतं, पण आपल्याकडे करार करायचं कायदेशीर वय १८ आहे, म्हणून तेच ठेवू. म्हणजे हा आकडा मुलांच्या मनाच्या अभ्यासातून आलेला नाही, करार कायद्याशी जुळावा म्हणून आलाय. अकरा वर्षांचं पोर आणि साडेसतरा वर्षांची कॉलेजातली मुलगी एकाच खणात टाकली गेली. अभ्यासकांनी इथे जोर लावायला हवा होता, आणि अजूनही लावता येईल.

सुरगाण्यातला फोन कोणत्या सर्व्हेत आहे?

आता आपल्या मुद्द्यावर येतो. वर जेवढे मोठे आकडे सांगितले ते बहुतेक अमेरिका-ब्रिटनमधल्या मुलांचे आहेत, ज्यांच्याकडे सहसा स्वतःचा फोन आणि स्वतःची खोली असते. पेठ तालुक्यातल्या झेडपी शाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या एक ताई सांगतात, सातवीतल्या मुलाचा गृहपाठ वडिलांच्या व्हॉट्सॲपवर येतो, त्याच फोनवर मोठ्या भावाचं इन्स्टा आहे, सिमकार्ड काकांच्या नावावर, आणि वडील द्राक्षाच्या हंगामात कामाला दिंडोरीकडे गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो. या घरात वय कोणाचं तपासणार आणि पालकांची संमती कोण देणार? वडील संमती देतील ती स्वतःच्याच फोनवर, स्वतःच्याच अकाउंटला. उलट वय पटवायला आधार मागायला लागले तर गृहपाठच बंद पडायचा.

भाषेचंही तसंच. मालेगावात उर्दू, बागलाण-कळवणकडे अहिराणी, सुरगाण्यात कोकणा बोलतात. या भाषांतल्या रील्समध्ये मुलं काय बघतात, अफवा कशी फिरते, कोणती शिवी कंपनीच्या मशीनला कळते आणि कोणती सुटते, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, लाखो लोक, प्रत्येकाच्या हातात फोन, अफवा पसरते कशी आणि थांबते कशी हे शिकायची एवढी मोठी संधी इथल्या पत्रकारिता विभागांना पुन्हा बारा वर्षांनीच मिळेल.

'आपण मत पाठवून सरकार कुठे ऐकतं?'

कधीकधी ऐकतं. २०१५ मध्ये फेसबुकची फ्री बेसिक्स योजना आठवत असेल, ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. त्या वर्षी नेट न्यूट्रॅलिटीच्या (म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवायचं) वादात ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले होते. वर्षाच्या शेवटी आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीमधल्या प्राध्यापकांनी जाहीर पत्रक काढलं की लोकांना 'बेसिक' काय लागतं हे एका कंपनीने ठरवायचं नाही आणि हे फुकट खरं फुकट नाही. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे भेदभाव करणारे दर बंद केले. नुसत्या ईमेलना गर्दी म्हणून बाजूला सारता आलं असतं, नुसतं प्राध्यापकांचं पत्रक पेपरच्या आतल्या पानावर गेलं असतं, दोन्ही असल्यामुळे वजन आलं असं मला वाटतं.

आता उलट उदाहरण. डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा सरकारने दिल्ली, मुंबई, गुवाहाटी, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि चेन्नईत बैठका घेतल्या. देशभरातून सूचना आल्या ६,९१५. एवढ्या मोठ्या देशातून सात हजारही नाहीत, आपल्या शाळेच्या एका गॅदरिंगला याहून जास्त माणसं येतील. मसुदा आलाय हेच कोणाला माहीत नव्हतं.

पुढचा मसुदा कधी ना कधी येणारच, मुलांच्या वयाबद्दलचाही येईल. तोवर इथल्या एखाद्या कॉलेजने किंवा मुक्त विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पेठ, सुरगाणा, मालेगाव आणि सिडको मिळून दोनशे घरं जरी केली तरी खूप होईल. विचारायचं काय, घरात फोन किती, सिम कोणाच्या नावावर, मूल कोणाच्या अकाउंटवरून बघतं, शाळेचं काम त्यावर येतं का, आणि मुलाला स्वतःला त्याचा कशाचा त्रास होतो. शेवटचा प्रश्न आईबापाला विचारायचा नाही, मुलालाच विचारायचा, पालकांची परवानगी घेऊन आणि नाव न लिहिता. सहा महिन्यांनी त्याच घरांत परत जायचं. गाईड म्हणून कॉलेजचे सर-मॅडम आहेतच, खर्च एसटीच्या तिकिटांचा आणि झेरॉक्सचा. मसुद्यावर मत मागवलं जाईल त्या दिवशी हा वीस पानांचा अहवाल ईमेलला जोडून पाठवायचा, आणि एक प्रत आपल्या आमदार-खासदारांच्या ऑफिसात नेऊन द्यायची, पोच घेऊन.